विश्लेषण : आग ओकणाऱ्या ड्रॅगनचे बारसे कसे करावे?

अंबाजोगाईचा दंतासुर, महाभारतातला धुंधु आणि चुलीतला फुफाटा. फँटसी गेमसाठी भीतीदायक नावांचा साठा आपल्याच घरात कसा आहे?

फँटसी रोलप्लेइंग गेममध्ये एक क्षण हमखास येतो. गुहेच्या तोंडातून धूर येतो, जमीन हादरते आणि आत कोण आहे हे खेळ चालवणाऱ्याला सांगावे लागते. ‘एक मोठा ड्रॅगन आहे’ एवढ्यावर कोणी घाबरत नाही. त्याला नाव लागते. बहुतेक जण अशा वेळी इंटरनेटवर नावे तयार करून देणारे एखादे पान उघडतात, बटण दाबतात आणि ‘झ’, ‘ग’, ‘क्स’ यांची मोळी बांधलेले एखादे नाव उचलतात. ते उच्चारताना जीभ अडखळते आणि अर्थ काहीच लागत नाही. बीड जिल्ह्यातल्या दंतकथा, देवस्थाने आणि रोजची बोली पाहिली तर मात्र अशा नावांची खाण हाताशीच असल्याचे दिसते.

हा खेळ नेमका काय असतो?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी तयार केलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत बाजारात आला. त्यात पट आणि सोंगट्या असल्याच पाहिजेत असे नाही. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रे होतात आणि हल्ला यशस्वी झाला की फसला हे फासे ठरवतात. त्यातला २० बाजूंचा फासा सर्वांत प्रसिद्ध. आता तो फासा मोबाइलवरही टाकता येतो, त्यामुळे वही, पेन, फोन आणि चार मित्र एवढ्यावर खेळ रंगतो.

या खेळात ड्रॅगनच्या रंगावरून त्याचे हत्यार कळते. लाल ड्रॅगन आग ओकतो, काळा आम्ल फेकतो, निळा वीज सोडतो, हिरवा विषारी वायू आणि पांढरा बर्फाळ श्वास. रंग ठरवून दिलेला असला, तरी नाव खेळ चालवणाऱ्याने द्यायचे असते. आणि सगळा खेळ बोलण्यावर चालत असल्याने, चित्र नसताना भीती उभी करण्याचे पहिले काम नावालाच करावे लागते.

गाजलेल्या ड्रॅगनची नावे कशी पडली?

ती उगाच जुळवलेली अक्षरे नाहीत. जे. आर. आर. टोल्किन यांच्या १९३७ च्या ‘द हॉबिट’ कादंबरीतला ड्रॅगन म्हणजे स्मॉग. टोल्किन भाषांचे प्राध्यापक होते. बिळातून अंग चोरून घुसणे, अशा अर्थाच्या एका जुन्या जर्मानिक क्रियापदावरून त्यांनी हे नाव घेतले होते. डोंगरात घुसून सोन्यावर पसरलेल्या प्राण्याला ते शोभलेही.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधली पाच डोक्यांची टियामॅट हे मुळात प्राचीन बाबिलोनच्या पुराणकथेतल्या आदिसागराच्या देवीचे नाव. त्याच खेळातला बहामूत हा अरबी कथांमध्ये पृथ्वीचा भार पेलणारा महाकाय मासा होता.

२०११ मध्ये आलेल्या ‘स्कायरिम’ या व्हिडिओ गेमने तर ड्रॅगनसाठी वेगळी भाषाच रचली. त्यात ड्रॅगनचे नाव तीन शब्द जोडून होते. अल्डुइन म्हणजे संहारक, गिळणारा आणि स्वामी. पार्थर्नॅक्स म्हणजे महत्त्वाकांक्षा, अधिपती आणि क्रौर्य. ही युक्ती मराठी वाचकाला नवी वाटू नये. शाळेत समासाचा विग्रह करताना आपण हेच उलट दिशेने करत आलो आहोत.

खुद्द ‘ड्रॅगन’ हा शब्द ग्रीक ‘द्राकोन’वरून आला. त्याचा संबंध पाहणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदाशी जोडला जातो आणि ते क्रियापद संस्कृत ‘दृश्’ धातूच्या नात्यातले आहे. म्हणजे आपली ‘दृष्टी’ आणि पाश्चात्त्यांचा ‘ड्रॅगन’ हे दूरचे भाऊबंद. ज्याची नजरच जीवघेणी, तो ड्रॅगन.

आपल्याकडे आग ओकणारा ड्रॅगन आहे का?

पंख असलेला नाही, पण आग ओकणारा नक्की आहे. महाभारताच्या वनपर्वात धुंधु नावाच्या असुराची कथा येते. तो वाळूच्या समुद्राखाली निजलेला असतो. वर्षातून एकदा तो श्वास सोडतो तेव्हा जमीन हादरते, धुळीने सूर्य झाकला जातो आणि ठिणग्या, ज्वाळा व धूर वर उसळतो. उत्तंक ऋषींच्या सांगण्यावरून कुवलाश्व राजा आपल्या २१ हजार पुत्रांसह तिथे जातो. पुत्र वाळू खणतात, धुंधु जागा होतो आणि तोंडातून आग ओकून त्यांना जाळतो. तिघेच वाचतात. शेवटी राजा ती आग पाण्याने विझवतो आणि ब्रह्मास्त्राने धुंधुला मारतो. तेव्हापासून त्याचे नाव पडते धुंधुमार.

गेमसाठी यात सगळेच आहे. राक्षसाचे घर, त्याच्या जागे होण्याची वेळ, त्याचे हत्यार आणि त्या हत्याराचा उतारा. ‘धुंधु’ हे नावही कसे, जमिनीखालून येणाऱ्या घुमणाऱ्या आवाजासारखे. दोनच अक्षरे, पण म्हणताना आवाज आपोआप खाली जातो.

समुद्रमंथनात दोरी झालेला वासुकी नागही तोंडातून धूर आणि ज्वाळा सोडतो, असे महाभारतात वर्णन आहे. मराठी लोककथांच्या घरात पाहिले तर ‘आग्या वेताळ’ भेटतो. भडक डोक्याच्या माणसाला आजही गावात हेच नाव पडते. चवताळून मागे लागणाऱ्या मधमाश्यांचे पोळे ‘आग्या मोहोळ’ असते. ‘आग्या’ या अडीच अक्षरांत चटका आणि चपळाई दोन्ही आहे.

बीड जिल्ह्यात काय सापडते?

अंबाजोगाईची योगेश्वरी देवी ही कोकणातल्याही असंख्य घरांची कुलदेवता. तिने दंतासुराचा वध केला, अशी कथा आहे. दंत म्हणजे दात. एका अवयवावर उभे राहिलेले हे नाव आहे. राक्षसाची उंची किती, रंग कोणता, हे काहीही न सांगता ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फक्त दात येतात. बाकीचे शरीर ज्याचे त्याने कल्पावे. खेळ चालवणाऱ्यासाठी हा मोठा धडा आहे. सगळे वर्णन नावात कोंबू नये, एकच गोष्ट निवडावी आणि तीच पुढे करावी.

बीड शहरात खंडोबाचे मंदिर आणि त्याच्या उंच दीपमाळा आहेत. खंडोबाने मणी आणि मल्ल या दैत्यांचा पराभव केल्याची कथा महाराष्ट्रभर सांगितली जाते. देवाच्या मल्हारी या नावात तो मल्ल आजही टिकून आहे. मल्लाचा अरी, म्हणजे शत्रू, तो मल्लारी. राक्षस हरला, पण येळकोट करताना त्याच्या नावाचा उच्चार होतोच. धुंधुमार, मुरारी, महिषासुरमर्दिनी ही नावेही अशीच आहेत.

यातून एक साधी परीक्षा निघते. ड्रॅगनला मारणाऱ्या खेळाडूला ‘अमुकमार’ किंवा ‘अमुकमर्दिनी’ म्हटले तर ते अभिमानाने मिरवावेसे वाटते का? वाटत असेल, तर ड्रॅगनचे नाव जमले.

बीडमध्येच पाण्याने वेढलेले कंकालेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. कंकाल या संस्कृत शब्दाचा अर्थ हाडांचा सापळा. असा शब्द देवाच्या नावात निर्धास्तपणे नांदतो. भीतीदायक शब्द म्हणजे दुष्ट शब्द, असे आपल्या परंपरेने मानलेले नाही.

राक्षसांची नावे गावांनाही चिकटली आहेत. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारचे नाव लवणासुराशी जोडले जाते, कोल्हापूरचे कोल्हासुराशी आणि म्हैसूरचे महिषासुराशी.

नावातच खेळाचा नियम कसा लपतो?

देवीमाहात्म्यातला रक्तबीज हे याचे उत्तम उदाहरण. त्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की तिथून त्याच्यासारखाच दुसरा उभा राहतो. जखम करावी तेवढे शत्रू वाढतात. शेवटी रक्त जमिनीवर पडूच न देणे, हाच उपाय ठरतो. रक्त हेच बीज, हे कोडे नावातच सांगून टाकले आहे. ज्याने नाव नीट ऐकले, तो वाचला.

त्याच ग्रंथातला धूम्रलोचन, म्हणजे धुरकट डोळ्यांचा. रामायणातला कुंभकर्ण, मेघासारखी गर्जना करणारा मेघनाद, दहा तोंडांचा दशानन. या नावांची घडण ठरलेली आहे. एक शब्द निसर्गातला, एक शरीरातला किंवा कृतीतला. दोन्ही जोडले की राक्षस तयार.

मराठीने या नावांवर स्वतःचे संस्कारही केले. रामायणातली ताटका मराठीत येताना त्राटिका झाली. एक ‘र’ जोडला आणि नाव अधिक खरखरीत झाले. ते इतके रुजले की शेक्सपिअरच्या ‘द टेमिंग ऑफ द श्रू’च्या मराठी रूपांतराचे नावही ‘त्राटिका’ ठेवले गेले. भीतीचा मोठा भाग आवाजात असतो. घ, झ, ढ, ध, भ यांसारखी दमदार अक्षरे, ट-ठ-ड-ढ यांची ठोकर, आणि ‘क्र’, ‘द्र’, ‘ष्ट्र’सारखी जोडाक्षरे नावाला वजन देतात. घटोत्कच, हिडिंब, जरासंध ही नावे मोठ्याने म्हणून पाहिली की हे लगेच कळते.

आगीसाठी मराठीत शब्द किती?

इंग्रजी नावांच्या मागे लागलेल्याला इथे आश्चर्य वाटेल. जाळ, आर, इंगळ, निखारा, ठिणगी, लोळ, भडका, वणवा, धग, झळ, काहिली, होरपळ, कोलीत, पलिता, फुफाटा. यातला प्रत्येक शब्द आगीची वेगळी अवस्था सांगतो. जाळ वर उठतो, आर चुलीच्या तळाशी शांत पसरलेला असतो, इंगळ म्हणजे रसरशीत निखारा आणि फुफाटा म्हणजे वरून विझल्यासारखी दिसणारी पण पाय पोळवणारी गरम राख. ‘आगीतून फुफाट्यात’ ही म्हण उगाच आलेली नाही.

शहरात गॅस आला आणि यातले निम्मे शब्द बोलण्यातून गेले. ज्यांच्या घरी आजही चूल पेटते, त्यांच्याकडे ते शिल्लक आहेत. बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणारी कुटुंबे फडाजवळ कोप्या करून राहतात, तीन दगडांची चूल मांडतात आणि आरावर भाकरी शेकतात. कोपीत वाढलेल्या पोराला आर आणि इंगळ यातला फरक कोणी समजावून सांगावा लागत नाही. आग ओकणाऱ्या प्राण्याला नाव देण्याच्या कामात तो पोरगा इंटरनेटवरच्या कोणत्याही पानापेक्षा पुढे आहे. अंबाजोगाई ही आद्यकवी मुकुंदराजांच्या समाधीमुळे ओळखली जाणारी भूमी. इथल्या पोरांना भाषा उसनी आणण्याची वेळ यावी, असे काही नाही.

नाव न घेण्यातली भीती कुठली?

रात्री सापाचे नाव घेऊ नये, असे गावाकडे आजही सांगतात. मग तो ‘लांबडं’ होतो किंवा नुसता ‘जनावर’. साप चावला असे न म्हणता ‘पान लागलं’ म्हणतात. नाव घेतले तर तो येईल, ही त्यामागची समजूत. रात्री शेतात पाणी द्यायला जाणाऱ्या आणि उसाच्या पाचटात हात घालणाऱ्या माणसांसाठी ती भीती खोटी नाही.

हीच रीत गेममध्ये वापरता येते. ड्रॅगनचे खरे नाव सुरुवातीला सांगूच नये. गोष्टीतल्या गावकऱ्यांनी त्याला फक्त ‘डोंगरातलं’ म्हणावे. कोणी नाव विचारले की म्हातारीने दार लावून घ्यावे. खेळाडूंना खरे नाव तिसऱ्या-चौथ्या बैठकीत कळले, तर तोवर त्याचा दरारा तयार झालेला असतो. हॅरी पॉटरच्या कथांमध्येही खलनायकाचे नाव घ्यायला सगळे घाबरतात, ते याच कारणाने.

आगीपेक्षा भयंकर काय?

ऋग्वेदातला वृत्र हा जगातल्या जुन्या सर्परूपी राक्षसांपैकी एक. त्याचे सर्वांत मोठे हत्यार आग नाही. तो पाणी अडवून बसतो. ‘वृ’ म्हणजे झाकणे, अडवणे, आणि त्यावरूनच त्याचे नाव. इंद्र त्याला मारतो तेव्हा नद्या मोकळ्या होतात.

पर्जन्यछायेच्या पट्ट्यातल्या बीडमध्ये या राक्षसाची भीती वेगळी समजावून द्यावी लागत नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी घराघरात आहेत. ज्याने टँकरच्या रांगेत हंडा लावला आहे, त्याला सोन्याच्या ढिगाऱ्यावर बसलेल्या स्मॉगपेक्षा बालाघाटच्या डोंगरात मांजरेचा उगम दाबून बसलेला ड्रॅगन कितीतरी खरा वाटेल. म्हणून नाव ठरवण्याआधी विचारायचा प्रश्न असा, की हा प्राणी लोकांकडून काय हिरावून घेतो? पाणी, झोप, बी-बियाणे की वाट? उत्तरातच नाव असते.

कोणती नावे टाळावीत?

इथे थोडी काळजी हवी. शेष आणि वासुकी यांची पूजा होते, नागपंचमीला नागाला दूध-लाह्या वाहिल्या जातात. शेताच्या बांधावरचा म्हसोबा हे कोणाचे तरी राखणदार दैवत असते. अशी नावे फाशाने मारायच्या प्राण्याला देणे कोणाला तरी लागू शकते.

‘असुर’ या शब्दाचीही दुसरी बाजू आहे. ऋग्वेदाच्या जुन्या भागात वरुणासारख्या देवांनाही असुर म्हटले आहे. झारखंडमध्ये असुर नावाचा आदिवासी समाज आहे. लोखंड गाळण्याची कला जपलेल्या या समाजातले अनेक जण महिषासुराला आपला पूर्वज मानतात. त्यामुळे जात, जमात, आडनाव किंवा जिवंत श्रद्धास्थान यांना हात न लावता नवे नाव घडवणे केव्हाही चांगले. शब्द आपल्याकडे कमी नाहीत.

मग नाव ठेवायचे कसे?

• एकच खूण निवडा. दात, डोळा, कंठ, श्वास किंवा शेपूट. दंतासुराला दात पुरले.

• आगीची अवस्था ठरवा. एकदम भडकणारा असेल तर वणवा, दबा धरून बसणारा असेल तर फुफाटा.

• भाषेचा बाज ठरवा. दरबारी, प्राचीन ड्रॅगनला संस्कृत वळणाचे नाव शोभते : अंगारकंठ, भस्मश्वास, ज्वालाजिह्व. रानातल्या, गावाला छळणाऱ्या ड्रॅगनला बोलीतले नाव अधिक चावते : इंगळडोळ्या, राखतोंड्या.

• ड्रॅगन मादी असेल तर शब्दही तसा घ्या. ‘काहिली’ आणि ‘होरपळ’ हे स्त्रीलिंगी शब्द जसेच्या तसे नाव म्हणून उभे राहतात.

• हाकेचे नाव लहान ठेवा, बिरुद लांब ठेवा. ‘फुफाटा’ हे नाव, ‘बालाघाटाचा सात वर्षांचा उन्हाळा’ हे बिरुद. खेळताना पहिले लागते, गोष्ट सांगताना दुसरे.

• नाव तीनदा मोठ्याने म्हणा. ‘धूम्रदंष्ट्र’ कागदावर झकास दिसते, पण ऐन लढाईत जीभ अडली तर समोरचा घाबरण्याऐवजी हसतो.

• नावात उतारा लपवा. रक्तबीजाप्रमाणे. फुफाट्यावर पाणी टाकले की वाफेचा लोट उठतो आणि समोरचे काही दिसत नाही. वरून माती लोटली तर तो गुदमरतो. चूल विझवणाऱ्या कोणत्याही बाईला हे ठाऊक असते. खेळाडूंपैकी कोणाला आठवले, तर तो गट गुहेतून जिवंत बाहेर येईल.